नंबरबाईंच्या नावाने

आमच्या कारखान्यात चष्म्याच्या काचा घासतात आणि नंबरबाई त्या तपासतात. तपासत होत्या, असं म्हणायला हवं. पण सिस्टीमला विचारलं असतंत तर त्या कामावरून गेल्यावरही तपासत होत्या, विकत होत्या, पॅक करत होत्या, दुकानदारांचे फोनही घेत होत्या. हे कसं झालं ते सांगतो. सांगायला मीच योग्य माणूस आहे, कारण यात मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

मी ऑर्डरवाला. म्हणजे गावातल्या सगळ्या चष्म्याच्या दुकानांतून कागद येतात, उजवा डोळा अमुक, डावा तमुक, ते नोंदवून आत घासणीला पाठवायचं. घासून झालेल्या काचा पाकिटात घालून नंबरबाईंच्या टेबलावर जायच्या. बाईंचं टेबल खिडकीपाशी. तिथं तपासायचं मशीन होतं, पण ते नंतर. आधी त्या काच दोन बोटांत धरून हात लांब करायच्या आणि काच हळूच हलवून खिडकीच्या गजाकडे बघायच्या. गज काचेबरोबर सरकला तर मायनस, उलटा पळाला तर प्लस. मग मशीन, आणि मग डॉक्टरांच्या मूळ चिठ्ठीशी ताडून बघणं. आमच्या हातची नक्कल त्या बघायच्याही नाहीत. मूळ चिठ्ठी सोबत नसेल तर पाकीट तसंच्या तसं परत. सत्तावीस वर्षं हे चाललं. मला पहिल्याच महिन्यात त्यांनी चार पाकिटं परत केली होती आणि मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं होतं ते इथं लिहिता येणार नाही.

मग आमचे साहेब तीन दिवसांच्या कुठल्याशा शिबिराला गेले आणि सिस्टीम घेऊन आले. शिबिरात त्यांना कळलं की धंदा माहितीवर चालतो. तोवर त्यांना वाटत होतं तो काचांवर चालतो. पुढच्या आठवड्यात भिंतींना भोकं पडली, तारा ओढल्या गेल्या, फिनेल-झाडूच्या कपाटातलं फिनेल बाहेर आलं आणि सर्व्हर आत गेला. झाडू मात्र तिथंच राहिला, जागा नव्हती. पाच खोल्यांत पाच कॉम्प्युटर, पाच तारा एका छोट्या पेटीत, पेटीतून एक तार कपाटात. झालं नेटवर्क.

शिकवायला एक गृहस्थ आले. त्यांच्या गळ्यात रोज टाय, म्हणून ते टायवाले. माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू. त्यांनी आम्हाला समजावलं की ‘दोन’ हा नुसता आकडा, तो डेटा. ‘डाव्या डोळ्याला मायनस दोन’ ही माहिती. आकड्याला अर्थ आला की माहिती होते. आम्ही माना डोलावल्या. मग म्हणाले, या पाचही मशीनना नेटवर्कमध्ये आपापला पत्ता आहे, आणि कुणी, केव्हा, कुठल्या मशीनवरून काय केलं ते सर्व्हर लिहून ठेवतो. हे ऐकल्यावर मात्र माना डोलायच्या थांबल्या. आमच्याकडे कुणी, केव्हा, काय केलं हा प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती. काही बिघडलं की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि विषय आपोआप मिटायचा.

आता खरी मेख ऐका. सिस्टीम वापरायची तर माणसागणिक लायसन्स घ्यावं लागतं. साहेबांनी विचारलं, कमीत कमी किती? टायवाले म्हणाले, एक तर लागेलच, पण तसं करू नका. साहेबांच्या कानात पहिलं अर्धं वाक्य शिरलं. एकच लायसन्स, सगळे अधिकार त्याच्यावर, आणि त्या एका नावाने सगळ्यांनी आत जायचं. मग प्रश्न आला, नाव कुणाचं? फोरमनना अचानक घासणीतून बोलावणं आलं. मला खोकला आला. साहेबांचे मेव्हणे आमच्या पॅकिंगचे प्रमुख, ते म्हणाले की मी घरचा माणूस, बरं दिसणार नाही. नंबरबाई त्या दिवशी रजेवर होत्या. स्वतःचा मोतीबिंदू काढून घेत होत्या बिचाऱ्या. मेव्हणे म्हणाले, बाईंचंच घाला की, नाहीतरी सगळं त्यांच्याच नजरेखालून जातं. एकमताने ठराव पास. पासवर्ड ठेवला चष्मा१२३ आणि कुणी विसरू नये म्हणून तो कागदावर लिहून पाचही पडद्यांवर चिकटपट्टीने डकवला. टायवाल्यांनी ते बघितलं, डोळे मिटले आणि चहा मागितला.

डोळ्याला हिरवी पट्टी लावून बाई परत आल्या तेव्हा त्या एकाच वेळी पाच खोल्यांत काम करत होत्या. आम्ही त्यांना सांगितलं, त्या हसल्या. त्यांना कॉम्प्युटरशी देणंघेणं नव्हतं. काच तपासून झाली की त्या पाकिटावर सही करायच्या आणि कुणीतरी जवळच्या मशीनवर ‘तपासणी झाली’चं बटण दाबायचं. तीन महिन्यांनी साहेबांनी सिस्टीममधून पहिला अहवाल काढला, सर्वांत कार्यक्षम कर्मचारी कोण? नंबरबाई. तब्बल चौदा हजार कामं. दुसऱ्या क्रमांकावर कुणी नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना प्रमाणपत्र दिलं आणि आम्हाला म्हणाले, शिका जरा. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई बिचाऱ्या ओशाळल्या. म्हणाल्या, अहो मी तर ते बटण कुठं आहे तेही पाहिलेलं नाही. साहेबांना वाटलं हा त्यांचा विनय.

आणि मग ती शाळेची ऑर्डर आली. एका शाळेत मुलांचे डोळे तपासले होते, दोनशे बारा मुलांना चष्मे लागणार होते आणि ते वाटायचा समारंभ ठरलेला होता. शाळेने कागद पाठवले नाहीत, एक यादी पाठवली, सिस्टीममध्ये थेट ओतायची. ती मी ओतली. इथं माझी चूक येते ती सांगून टाकतो. शाळेच्या कुणी हौशी माणसाने मायनसच्या जागी लांब आडवी रेघ टाकली होती. आपल्या डोळ्यांना ती मायनस. सिस्टीमला तसली रेघ ओळखीचीच नाही, तिने ती गाळून टाकली. नुसता आकडा उरला, आणि नुसता आकडा म्हणजे आमच्याकडे प्लस. पडद्यावर दोनशे बारा ओळी मायनसशिवाय उभ्या होत्या. मला खटकलं का? खरं सांगतो, खटकलं. एवढ्या पोरांना प्लस कसा, लांबचं न दिसणाऱ्यांना तर मायनस लागतो, असं क्षणभर वाटून गेलं. पण म्हटलं, सिस्टीम आहे, तिला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. आणि बाई आहेतच पुढे.

बाई पुढे नव्हत्या. काचा घासून आल्या तेव्हा समारंभाला एकच दिवस होता. मेव्हण्यांना माहीत होतं की बाई मूळ चिठ्ठ्या मागणार, शाळेकडून त्या यायला दोन दिवस जाणार. त्यांनी पाकिटं बाईंच्या टेबलावर नेलीच नाहीत. मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला पॅकिंगच्या मशीनवर बसून त्यांनी दोनशे बारा ओळी एका झटक्यात निवडल्या आणि ‘तपासणी झाली’ दाबलं. मी शेजारीच उभा होतो, हातात पत्त्यांची यादी घेऊन. ते माझ्याकडे बघून म्हणाले, बाईंचा खोळंबा वाचवला. मी हसलो.

समारंभ झकास झाला म्हणे. मुलांनी चष्मे घातले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी वर्गात फळा दिसेना. आधी अंधुक दिसायचा, आता मुळीच दिसेना. चौथ्या दिवशी मुख्याध्यापिका एक मोठी पिशवी घेऊन आल्या आणि त्यांनी ती साहेबांच्या टेबलावर ओतली. बोलल्या फार थोडं, पण त्या गेल्यावरही साहेब बराच वेळ उभेच होते.

साहेबांनी अहवाल काढला. दोनशे बारा पाकिटं, तपासणी कुणाची? नंबरबाई. मंजुरी? नंबरबाई. पॅकिंग? नंबरबाई. नोंदणीसुद्धा त्यांचीच. बाईंना केबिनमध्ये बोलावलं. तिथं साहेब, मेव्हणे आणि मी. बाईंनी पिशवीतला एक चष्मा उचलला, हात लांब केला, हलवला. दुसरा, तिसरा. मग म्हणाल्या, सगळे प्लस आहेत आणि यातला एकही माझ्या टेबलावर आलेला नाही.

“सिस्टीम खोटं बोलत नाही, बाई,” साहेब म्हणाले.

बाई म्हणाल्या, सिस्टीम लावणाऱ्यांना बोलवा. टायवाले आले, झाडूच्या कपाटात शिरले आणि सर्व्हरची वही काढून बाहेर आले. म्हणाले, हे काम चार नंबरच्या मशीनवरून झालंय, म्हणजे पॅकिंगच्या खोलीतून. आणि पासवर्ड सगळ्या पडद्यांवर डकवलेला असताना नावाला काही अर्थ नाही, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. साहेबांनी त्यांना आभार मानून बाहेर बसवलं. मग मेव्हण्यांकडे बघितलं. मेव्हणे छताकडे बघत म्हणाले, बाई कधीमधी येऊन बसतात आमच्या मशीनवर. साहेबांना तेवढं पुरलं. पुरणारच होतं, घरी जाऊन बायकोला तोंड कोण दाखवणार?

बाई माझ्याकडे बघत होत्या. मला कळत होतं की बघतायत. मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होतो. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, यादी कुणी ओतली? मला दोन मुलं आहेत, घराचं भाडं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं तो हेच सांगतो. निवृत्तीला आठ महिने राहिले असताना बाईंना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या भांडल्या नाहीत. स्वतःची उशी, डबा आणि काच पुसायचं मऊ कापड घेऊन गेल्या.

आता तुम्हाला वाटेल, काढून टाकलं म्हणजे सिस्टीममधूनही नाव गेलं असेल. छे. नाव काढलं तर पाचही मशीन बंद. दुसरं लायसन्स घ्यायला साहेबांचा हात धजेना. तेव्हा बाई घरी आणि बाईंचं नाव कामावर. रोज सकाळी मी त्यांचं नाव टाकून आत जायचो. महिनाअखेर पुन्हा अहवाल निघाला, सर्वांत कार्यक्षम कर्मचारी नंबरबाई. साहेबांनी या वेळी प्रमाणपत्र छापलं नाही, एवढी त्यांना शरम होती. खिडकीपाशी आता मेव्हण्यांनी आणलेला एक गृहस्थ बसायचा. तो काच मशीनवर ठेवायचा, आकडा आला की झालं, मूळ चिठ्ठी वगैरे भानगड नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी बाई दारात उभ्या. हातात पाकीट. त्यांच्या धाकट्या बहिणीने जवळच्या दुकानातून चष्मा केला होता, दोन दिवसांत डोकं धरलं. बाईंनी तो बघितला तर उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे. आणि पाकिटावर छापलेलं, तपासणी, आणि पुढे बाईंचं संपूर्ण नाव, तारीख आठवड्यापूर्वीची. बहिणीने विचारलं होतं, ताई, तू तपासलीस ना ही?

त्या सरळ साहेबांकडे गेल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. कामावर परत घ्या असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. माझं नाव काढा, एवढंच म्हणणं. साहेबांनी समजूत घातली. नाव म्हणजे काय हो, नुसती आत जायची सोय. दुकानदारांचा तुमच्या नावावर विश्वास आहे, कंपनीचं भलं होतंय, तुमचं त्यात काय जातं? बाई बाहेर आल्या आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“मला माझ्या नावाने आत जायचंय. शिकवा.”

मी उठलो आणि खुर्ची दिली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. माऊस त्यांच्या हातात राहीना, टेबलाच्या कडेवरून खाली पडायचा. पण सत्तावीस वर्षं काचा हाताळलेली बोटं ती, पाच मिनिटांत वळली. त्यांचं नाव, चष्मा१२३, आणि त्या आत. मी दाखवलं, हे तुमचं खातं, सगळे अधिकार तुमचे. इथं पासवर्ड बदलता येतो. आणि हे खाली आहे ना, याने बाकी सगळ्या मशीनवरून बाहेर पडता येतं. बाईंनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, जरा तिकडे बघा. मी तिकडे बघितलं. त्याची मला चांगली सवय होती.

एका बोटाने त्या बराच वेळ टाइप करत होत्या. मग खालचं बटण दाबलं, पदर सारखा केला आणि निघून गेल्या. त्या फाटकापर्यंत पोचल्या नसतील तोच घासणीतून ओरडा आला, मग पॅकिंगमधून, मग साहेबांच्या केबिनमधून. पाचही पडदे पासवर्ड मागत होते आणि डकवलेला कागद काही कामाचा नव्हता. टायवाल्यांना फोन गेला. ते म्हणाले, पासवर्ड त्या बाईच बदलू शकतात, अधिकार त्यांचेच. आमच्याकडून बदलून हवा असेल तर लायसन्सच्या मालकाची सही लागेल. मालक कोण? कागदावर बाई. फोनवर ते हसले की खोकले ते नक्की कळलं नाही.

साहेब माझ्यावर धावून आले. बाईंना हे कुणी शिकवलं?

“सिस्टीमवर बाईंचंच नाव येतंय, साहेब,” मी म्हटलं. “आणि सिस्टीम खोटं बोलत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बाईंच्या घरी गेले, मला बरोबर घेऊन, कारण घर मला माहीत होतं. मेव्हणे गाडीतच बसले. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. बाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि एक कागद पुढे ठेवला, त्यांच्याच अक्षरात, पाच ओळींचा. शाळेच्या दोनशे बारा मुलांच्या काचा माझ्या टेबलावर आल्या नव्हत्या. त्यांची तपासणी झाली नव्हती. माझ्या नावाने बटण दुसऱ्याने दाबलं. माझं नाव आजपासून कुठल्याही पाकिटावर येणार नाही. हा कागद शाळेला आणि सगळ्या दुकानांना जाईल. बास. नुकसानभरपाई नाही, माफी नाही, नोकरी नाही.

साहेबांनी तो तीनदा वाचला. म्हणाले, दुकानांना कशाला, शाळेला पाठवू की. बाई म्हणाल्या, मग पासवर्ड शाळेपुरताच सांगते. कारखाना आदल्या दुपारपासून बंद होता, आठ दुकानांचे फोन येऊन गेले होते. साहेबांनी पेन काढलं आणि सही केली. मी सुटलो म्हणून श्वास सोडला आणि पाण्याचा ग्लास उचलला.

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. “तुमची राहिली.”

मी म्हटलं, बाई, माझी कशाला, मी साधा ऑर्डरवाला. साहेबांची झाली ना.

“साहेबांनी काही बघितलं नव्हतं. तुम्ही बघितलंत. साक्षीदार म्हणून करा.”

साहेब माझ्याकडे वळले. बाईंना हे कुणी सांगितलं होतं मला ठाऊक नाही. बहुतेक कुणीच नाही, त्या दिवशी माझी मान बघूनच त्या समजल्या असतील. साहेबांनी विचारलं, कुणाला बघितलंस? खिडकीतून गाडी दिसत होती आणि गाडीत मेव्हणे वर्तमानपत्र वाचत होते. मी नाव घेतलं. मग यादी मी ओतली होती तेही सांगितलं, कारण आता एकाचं सांगून दुसरं लपवण्यात राम नव्हता. मी खाली वाकून सही केली.

बाईंनी कागदाची घडी घातली आणि पासवर्ड एका चिटोऱ्यावर लिहून साहेबांच्या हातात दिला. साहेब तो घेऊन लगबगीने जिना उतरले. मी दारात रेंगाळलो. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून म्हटलं, बाई, आता सगळ्यांना खरं कळेल.

“कळेल,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच बोलला असतात तर मी आज कामावर असते.”

खाली साहेबांनी हॉर्न वाजवला. मी चपला घातल्या आणि उतरलो.